पान चौसष्ट आणि पान पासष्ट

(दुपारची वेळ. पुस्तकबांधणीचं छोटं दुकान, मागे राहायची खोली. कागद कापायच्या टेबलाभोवती तिघी: पुस्तकं बांधणारी आई, तिची बारा वर्षांची मुलगी चिमटी आणि शिक्षण खात्याच्या तपासनीस बाई. टेबलावर नुकतीच सोडवलेली उत्तरपत्रिका.)

तपासनीस: हे उत्तर होत नाही, ताई.

आई: न व्हायला काय झालं? अक्षर बघा कसं मोत्यासारखं आहे.

तपासनीस: अक्षराचे दोन गुण दिलेत मी. गणितात पैकीच्या पैकी. भाषेत पन्नासात सत्तेचाळीस. विज्ञानात तर हिने प्रश्नातलीच चूक काढून दिली आणि ती खरंच निघाली. अडलंय ते फक्त इतिहासात. चौथा प्रश्न. तुम्हीच वाचा मोठ्याने.

आई: थांबा, हाताला खळ लागलीय. हं. "स्वातंत्र्ययुद्धात नदीवरचा मोठा पूल कोणी जाळला? एका वाक्यात उत्तर लिहा."

तपासनीस: आणि हिने काय लिहिलंय?

आई: "नक्की माहीत नाही. चौकशी चालू आहे."

चिमटी: दोन वाक्यं झाली. तेवढं माझं चुकलं. त्याचा अर्धा गुण कापा.

तपासनीस: अर्ध्या गुणाची गोष्ट नाही, बाळ. ताई, घरी शिकणाऱ्या मुलांच्या इतिहासाच्या पेपरात पाच प्रश्न अनिवार्य असतात. राष्ट्रीय प्रश्न म्हणतात त्यांना. पाचातला एक जरी चुकला तरी मूल नापास. मूल नापास झालं की घरी शिकवायची परवानगी रद्द. सोमवारपासून शाळा.

आई: सोमवारपासून? अहो, आज शुक्रवार आहे!

तपासनीस: नियम मी केलेला नाही.

आई: कुणीच केलेला नसतो. नियम आपले आकाशातून पडतात, आणि नेमके आमच्या डोक्यावर.

तपासनीस: चिडू नका. मला नुसतं काम उरकायचं असतं तर शेरा मारून केव्हाच निघाले असते, अजून दोन घरं बाकी आहेत. मी बसलेय ती ही मुलगी वाया जाऊ नये म्हणून. मला एवढंच सांगा, हा धडा तुम्ही शिकवलाच नाहीत का?

आई: शिकवला नाही? गेले सात महिने या घरात दुसरं काही चाललेलंच नाही! जेवताना पूल, झोपताना पूल. हिचे बाबा मालाचा ट्रक चालवतात, पंधरा पंधरा दिवसांनी घरी येतात. तर दारातच पहिला प्रश्न काय, बाबा, लाकडी पूल जळायला किती वेळ लागतो? बिचाऱ्याने बूटसुद्धा काढले नव्हते.

चिमटी: बाबांना माहीत नव्हतं. म्हणून आम्ही जाळून बघितला.

तपासनीस: काय जाळून बघितलं?

चिमटी: पूल. काड्यांचा. मागच्या अंगणात. प्लंबरकाकांची जुळी पण घरीच शिकतात, ती दर शनिवारी इतिहासाला येतात. एक जण शत्रू झाला, एक जण आपण. मी घड्याळ लावून बसले.

आई: माझे चांगले जाड पुठ्ठे गेले त्यात. वर त्या जुळ्यांचं भांडण, शत्रू कोण होणार यावरून. दोघांनाही शत्रूच व्हायचं होतं, कारण काडी शत्रूच्या हातात!

चिमटी: ते जुन्या पुस्तकाप्रमाणे. नव्या पुस्तकाप्रमाणे केलं तेव्हा दोघांनाही आपण व्हायचं होतं.

तपासनीस: जुळी इतिहासाला येतात, स्वतःहून? त्यांचा पेपर मी गेल्या वर्षी घेतला होता. एकाने तर पेपरावर डोकं ठेवून झोप काढली होती.

आई: आता त्यांची आई त्यांना ओढून घरी नेते. जेवायला चला म्हणून.

तपासनीस: इतकं सगळं केलंत आणि एका ओळीचं उत्तर येत नाही?

चिमटी: इतकं केलं म्हणूनच येत नाही. आधी येत होतं.

तपासनीस: ताई, हे जुनं पुस्तक, नवं पुस्तक काय प्रकरण आहे? हिच्या यादीत तर एकच पुस्तक लावलंय.

आई: सांगते. आता लपवून काय करायचं? चूक माझी आहे, आणि वीस वर्षांच्या धंद्यातली पहिली आहे, त्यामुळे सांगताना जीभ अडखळते. वाचनालयाने चाळीसेक फाटकी शाळेची पुस्तकं बांधायला दिली होती. पुस्तक उसवलं की त्याचे फर्मे सुटे होतात. फर्मा म्हणजे सोळा पानांची एक घडी. असे फर्मे एकावर एक रचायचे, टोचायचे, शिवायचे, की झालं पुस्तक. आता त्या ढिगात इतिहासाचं जुनं पुस्तकही होतं आणि नवंही. वरचं चित्र तेच, कागद तोच, पानांचे आकडेसुद्धा तेच. मला काय स्वप्न पडलंय, की आतला मजकूर बदललाय? मी चौथा फर्मा जुन्यातला लावला आणि पाचवा नव्यातला. शिवला, कापला, वर मस्त कापडी पाठ चढवली.

तपासनीस: म्हणजे चौसष्टावं पान जुनं आणि पासष्टावं नवं.

आई: बरोब्बर. तुम्हाला पानं पाठ आहेत की!

तपासनीस: बावीस वर्षं शिकवलंय मी ते पुस्तक. तपासनीस होऊन चारच वर्षं झालीत.

चिमटी: चौसष्टाव्या पानावर शेवटची ओळ आहे, "पळ काढताना शत्रूने पूल पेटवून दिला." आणि पासष्टाव्यावर पहिली ओळ आहे, "पूल पेटवून शत्रूला अडवणाऱ्या आपल्या शूर जवानांना पदके देण्यात आली."

तपासनीस: आणि ते पुस्तक नेमकं हिच्या हातात पडलं.

आई: वाळायला ठेवलं होतं दाबाखाली. हिने काढलं. बाई, मी तेव्हा इथेच उभी होते, दोऱ्याला मेण लावत. ही मागून आली आणि म्हणाली, "आई, पूल नक्की कुणी जाळला?" माझ्या हातातला दोरा तिथेच राहिला.

तपासनीस: एका प्रश्नाचं इतकं काय?

आई: कारण त्याआधी चार महिने या पोरीने एक अक्षर उच्चारलं नव्हतं.

तपासनीस: अर्जात तर "प्रकृतीच्या कारणास्तव" एवढंच लिहिलंय.

आई: मग आणखी काय लिहायचं? रकाना एवढासा. डॉक्टर म्हणाले घसा ठणठणीत आहे, कान ठणठणीत आहेत, काही नाही झालेलं. काही नाही कसं? शाळेत हिने वर्गात विचारलं, कशावरून? बस्स, एवढंच. बाईंनी सांगितलं की अमुक राजा प्रजेवर फार प्रेम करायचा, आणि हिने विचारलं कशावरून. बाकावर उभं केलं. दुसऱ्या दिवशी परत विचारलं, परत बाकावर. असे अकरा दिवस. बाराव्या दिवसापासून ही गप्प झाली. आधी शाळेत, मग घरी, मग माझ्याशीही. भूक लागली तर ताट दाखवायची. मी हिच्या तोंडाकडे बघत बसायचे, वेड्यासारखी. आपलंच लेकरू आपल्यासमोर बसलंय आणि त्याचा आवाज कसा होता ते आठवावं लागतंय, यासारखं दुसरं दुःख नाही हो.

चिमटी: आई, ते सांगायची गरज नव्हती.

आई: होती. बाईंना कळू दे की सोमवार म्हणजे काय.

तपासनीस: मला हे माहीत नव्हतं.

आई: माहीत असतं तर नियम बदलला असता?

तपासनीस: नाही.

आई: खरं बोललात, हे बरं केलंत.

तपासनीस: मग त्या प्रश्नाला तुम्ही काय उत्तर दिलंत?

आई: मला कुठे येत होतं? मी आठवी पास. म्हटलं, मला माहीत नाही, चल विचारू कुणाला तरी. आणि त्याच संध्याकाळी निघालो. दुकानाला कुलूप लावलं, वाचनालयाला म्हटलं चार दिवस उशीर होईल. हीच आमची शिकवायची पद्धत, बाई. पुस्तकात आहे ते वाचायचं, मग जाऊन विचारायचं. पूल जळला तेव्हा पोरवयात असलेली माणसं अजून आहेत या गावात. ऐंशीच्या वर वय, पण बोलायला बसली की उठायचं नाव नाही.

चिमटी: तिघं सापडली. वही दाखवू?

तपासनीस: दाखव.

चिमटी: पहिले नावाडी आजोबा. ते तेव्हा अकरा वर्षांचे. पुलाखाली त्यांच्या वडिलांच्या नावेत होते. ते म्हणतात, गणवेशातली माणसं होती, हातात डबे होते, पण धुरात रंग दिसला नाही. मी विचारलं, बोलत होती का? ते म्हणाले, ओरडत होती, आणि ओरडताना सगळ्यांची भाषा सारखीच ऐकू येते.

तपासनीस: बरं. दुसरं?

चिमटी: बेकरीच्या आजी. त्या पुलासमोरच्या खिडकीत होत्या. त्या म्हणतात, आपलेच जवान होते, त्यातला एक त्यांच्या दुकानातून रोज पाव न्यायचा, आणि तो तेल ओतताना रडत होता.

आई: हे सांगताना त्या आजीच रडायला लागल्या. मग मीही. वही कोरडी राहिली ती हिच्यामुळे.

चिमटी: तिसऱ्या पलीकडच्या काठावरच्या धुणेवाल्या आजी. त्या म्हणतात, कुणीच जाळला नाही. गवताच्या गाड्या पुलावर अडकल्या होत्या, कुणा आचाऱ्याने तिथेच चूल मांडली, ठिणगी उडाली. "आणि मग दोन्हीकडचे शहाणे मिरवायला लागले," असं त्या म्हणाल्या. हे त्यांचं वाक्य आहे, माझं नाही.

तपासनीस: आणि तू प्रत्येकाच्या खाली हे काय काढलंयस? चौकोन, बाण.

चिमटी: कोण कुठे उभं होतं त्याचा नकाशा. कुठून काय दिसू शकतं ते जुळ्यांनी जाऊन बघितलं. बेकरीच्या खिडकीतून पुलाचं हे टोक दिसतं, ते नाही. मग आम्ही खांब मोजले. पाण्यात अजून चौदा खांब आहेत. या काठाकडचे नऊ काळे पडलेत, त्या काठाकडचे पाच जवळजवळ स्वच्छ.

तपासनीस: म्हणजे आग या बाजूने लागली! या बाजूला आपण होतो. अगं, मग तुझे खांबही नव्या पुस्तकाचंच सांगतायत! उत्तरसूचीत तेच आहे. "आपल्या जवानांनी." तुझ्याकडे उत्तर आहे, पुरावा आहे, मग लिहीत का नाहीस?

चिमटी: वारा कुठून होता ते माहीत नाही.

तपासनीस: वारा?

चिमटी: वारा तिकडून इकडे असला तर आग मधे लागूनही इकडचेच खांब जास्त जळतील. काड्यांच्या पुलावर तसंच झालं. खांब त्या बाजूने बोलतात, पण नक्की म्हणत नाहीत. त्या दिवशीच्या वाऱ्याची नोंद वेधशाळेत असेल, मी पत्र लिहिलंय. उत्तर आलं नाही अजून. म्हणून चौकशी चालू आहे.

तपासनीस: ताई, मी तुम्हाला खरं सांगू? बावीस वर्षांत माझ्या वर्गातल्या एकाही मुलाने वाऱ्याचं विचारलं नाही.

चिमटी: तुम्ही काय शिकवायचात? शत्रूने की आपण?

तपासनीस: पहिली नऊ वर्षं शत्रूने. मग नवं पुस्तक आलं. मग आपण.

चिमटी: एकदम? एका दिवसात?

तपासनीस: उन्हाळ्याची सुट्टी होती मधे.

चिमटी: मग आधीच्या नऊ वर्षांच्या मुलांना तुम्ही कळवलंत का?

तपासनीस: कळवलं म्हणजे?

चिमटी: की उत्तर बदललंय म्हणून.

तपासनीस: नाही. असं कुणी कळवत नाही.

चिमटी: म्हणजे ती अजून शत्रूनेच म्हणत असतील.

तपासनीस: असतील.

आई: चिमटे, पुरे आता. बाईंची उलटतपासणी करू नकोस.

तपासनीस: करू दे. तिला हक्क आहे. ताई, थोडं पाणी देता? आणि बसा तुम्ही. मी एक सांगते, नीट ऐका. पेपर अजून माझ्या पिशवीत गेलेला नाही. वेळ संपायला पाच मिनिटं आहेत, माझ्या घड्याळात. माझ्या चपलेचा बंद मघापासून सुटलाय. तो लावायला मी बाहेर पायरीवर जाते. मला वाकायला वेळ लागतो, गुडघे दुखतात. इथे टेबलावर खोडरबर आहे, तो माझा नाही, मी तो बघितलेला नाही. कळलं?

आई: कळलं. देव तुमचं भलं करो, बाई. चिमटे, ऐकलंस ना? खोड. "आपल्या जवानांनी पूल जाळला." चार शब्द आहेत.

चिमटी: नाही.

आई: नाही काय? लिही गं, माझी आई! कुणी फाशी देत नाही चार शब्दांसाठी. तुझी वही तुझ्याकडेच राहील, वाऱ्याचं पत्र येईल तेव्हा येईल, तू शोध पुढे जन्मभर. पण आत्ता लिही आणि मोकळी हो.

चिमटी: मला माहीत नाही, आई.

आई: अगं, त्यांना कुठे माहीत आहे? कुणालाच माहीत नाही! पण सगळे लिहितात!

चिमटी: म्हणून तर पुस्तक बदलतं.

आई: तुला सोमवार कळतोय का? तोच वर्ग, त्याच बाई. तुझा आवाज मी परत घालवू? चार शब्दांवरून? मला दगड बनायला सांगतेस तू.

चिमटी: तू ते पुस्तक वाचनालयाला परत का नाही दिलंस? चुकीच्या फर्म्याचं?

आई: त्याचं इथे काय? चुकीचं बांधलेलं पुस्तक मी कसं देणार? माझ्या हातचं आहे ते.

चिमटी: बाहेरून कुणाला दिसलं नसतं.

आई: मला दिसलं असतं ना!

तपासनीस: (बाहेर पायरीवरून) ताई, घाई करा. मी वाकलेय खरी, पण किती वेळ वाकून राहणार?

आई: उठा, बाई. या आत.

तपासनीस: झालं?

आई: झालं. खोडलं नाही तिने. आणि मीही आता तिला खोड म्हणून सांगणार नाही.

तपासनीस: ताई, विचार करा. मी परत परत चपला बांधणार नाही.

आई: विचार केला. अख्खं आयुष्य मी दुसऱ्यांनी लिहिलेलं टोचत आणि शिवत आले. आत काय आहे ते वाचायची मला कुणी मुभा दिली नाही आणि मी मागितलीही नाही. या पोरीने वाचलं. नुसतं वाचलं नाही, नदीत गुडघाभर पाण्यात उतरून खांब मोजले. आणि आता मी तिला सांगू, की हे सगळं छान, पण वर दुसऱ्याचं वाक्य चिकटव? मग शाळेत आणि माझ्यात फरक काय राहिला? त्यांनी बाकावर उभं करून गप्प केली, मी मायेने गप्प करते, एवढाच!

तपासनीस: मग मला नापास लिहावं लागेल.

आई: लिहा. खुशाल लिहा. पण तुमच्या त्या कागदावर कारणाचा रकाना आहे ना? तो मोकळा सोडायचा नाही. तिथे कारण लिहायचं. तुमच्या हाताने, पूर्ण.

तपासनीस: तिथे "उत्तर चुकीचे" एवढंच लिहायची पद्धत आहे.

आई: चुकीचं आहे का?

तपासनीस: उत्तरसूचीशी जुळत नाही.

आई: मी ते नाही विचारलं. बावीस वर्षं शिकवलंत तुम्ही. चुकीचं आहे का?

तपासनीस: नाही.

आई: मग कसं लिहाल?

तपासनीस: तुम्ही मला पेचात पकडताय.

आई: आम्ही दुपारपासून पेचातच आहोत. या, बसा शेजारी. जागा आहे.

तपासनीस: पेन द्या. माझं संपत आलंय. "विद्यार्थिनीने प्रत्यक्ष पाहणाऱ्या तीन व्यक्तींच्या साक्षी घेतल्या, घटनास्थळी जाऊन मोजमाप केले, आणि उपलब्ध पुराव्यावरून उत्तर निश्चित देता येत नाही असे लिहिले. उत्तरसूचीत निश्चित उत्तर दिलेले आहे. नियमानुसार अनुत्तीर्ण."

चिमटी: "प्रत्यक्ष पाहणाऱ्या दोन" लिहा. धुणेवाल्या आजी तेव्हा झोपल्या होत्या, त्यांना त्यांच्या वडिलांनी सांगितलं.

तपासनीस: बरं. दोन प्रत्यक्ष, एक ऐकीव. आणखी काही?

चिमटी: खाली तुमचं नाव लिहा. नुसती सही नको, सही वाचता येत नाही.

तपासनीस: हे असलं कारण लिहिलेला कागद वर गेला की मला बोलावणं येणार, हे कळतंय ना तुम्हाला? विचारतील, बाई, तुम्ही परीक्षा घ्यायला गेला होतात की द्यायला.

आई: मग काय सांगाल?

तपासनीस: तेव्हाचं तेव्हा बघू. तुम्हाला वर दाद मागता येईल. अर्ज करा, त्याला हा कागद जोडा. सहा महिने लागतील, कदाचित आठ. पण तोवर शाळा, त्यात माझ्या हातात काही नाही. ताई, रडू नका. मी मुख्याध्यापकांशी बोलते, हिचा वर्ग बदलून मागते. दुसरा वर्ग आहे, तिथल्या बाई मवाळ आहेत.

चिमटी: नको.

आई: नको काय? थांब जरा, त्या मदत करतायत.

चिमटी: मला जुन्याच वर्गात जायचंय. तिथे चाळीस मुलं आहेत. चाळीस जणांचे आजी-आजोबा आहेत, शेजारी आहेत. आम्हाला सात महिन्यांत तीनच माणसं सापडली. आणि त्या दिवशी वारा कुठून होता, हे त्यातल्या कुणाच्या तरी घरात कुणाला तरी आठवत असेल.

तपासनीस: तू वर्गात हे विचारलंस तर पहिल्याच दिवशी बाकावर उभं करतील तुला.

चिमटी: करू दे. बाकावरून सगळ्यांना ऐकू जातं.

आई: तू आत्ता असं म्हणतेस. मी तुझी आई आहे, मी ते चार महिने बघितलेत. तिथे उभी राहिलीस, सगळे बघायला लागले, आणि पुन्हा तसंच झालं तर? तोंडातून शब्दच फुटला नाही तर गं?

चिमटी: तर फळ्यावर लिहीन. तिथे खडू असतो, आई.